घनसावंगीच्या मोसंबी बागेतील ओलावा-सेन्सर: प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२४

१० मार्च २०२४

आमची मोसंबीची बाग जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. रंगपूर लिंबाच्या खुंटावरची न्यूसेलर मोसंबीची ३०० झाडे, खोल काळी जमीन, आणि पाण्यासाठी एक विहीर व एक शेततळे. गेल्या वर्षी पावसाने ओढ दिली. विहिरीने जानेवारीतच तळ गाठला आणि आता मृगाचा पाऊस येईपर्यंत जे काही भागवायचे आहे ते शेततळ्यातल्या पाण्यावरच. २०१२-१३च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या आणि काही बागा टँकरच्या पाण्यावर कशाबशा तगलेल्या दादाने आणि मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे पाण्याच्या हिशेबात चूक झालेली आमच्याकडे कोणालाच सहन होत नाही.

दोन वर्षांपूर्वी, मी शिकवतो त्या तंत्रनिकेतनातील अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पदविकेचा प्रकल्प म्हणून या बागेत ओलावा मोजणारी यंत्रणा बसवून दिली. एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा संगणकच), पाच कपॅसिटिव्ह ओलावा-सेन्सर, मातीच्या तापमानासाठी एक डीएस१८बी२०, लहान सोलर पॅनेल व बॅटरी, आणि आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, वाय-फायवरून दादाच्या मोबाइलवर जाणारे आकडे, एवढा तिचा पसारा आहे. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला आणि यंत्रणा त्याच्या माघारी तशीच चालत राहिली.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या सेन्सरने जमीन पार कोरडी दाखवली, म्हणून दादाने ठिबक दोन तास जास्त चालवले. एका झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर आहेत, म्हणजे झाडामागे तासाला ३२ लिटर, आणि ३०० झाडांना दोन तासांत १९,२०० लिटर पाणी गेले. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली कुदळीने उकरले तर वीतभर खोलीवर मातीचा लाडू वळत होता.

आज कोड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात एकही टिप्पणी नाही. ‘३२००’ आणि ‘१४५०’ हे दोन आकडे चार ठिकाणी येतात आणि त्यांवरून ओलाव्याची टक्केवारी काढली जाते, पण ते कोणत्या सेन्सरचे, कोणत्या मातीत घेतलेले, मिलिव्होल्टमधले की नुसत्या मोजणीतले, हे कोठेही लिहिलेले नाही. यंत्रणा दुरुस्त करणे आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याचे मूळ लिहून ठेवणे ही दोन कामे मी आजपासून एकत्रच करणार आहे, कारण ती वेगळी करता येत नाहीत असे माझे मत झाले आहे.

१३ मार्च

बोर्ड घरी आणून टेबलावर चाचणी घेतली. वाय-फाय सुरू न करणारा छोटा कोड घातला तेव्हा पाचही सेन्सर नीट चालले: हवेत आकडा वर, ओल्या फडक्यात खाली. मूळ कोड परत घातला की पहिले तीन सेन्सर अडकतात, कधी ४०९५ दाखवतात तर कधी ०, आणि शेवटचे दोन मात्र ठीक चालतात.

कारण सापडायला दोन तास लागले, पण ते ईएसपी३२च्या माहितीपत्रकात पहिल्यापासून लिहिलेले आहे. या चिपमध्ये एडीसीचे, म्हणजे सेन्सरकडून येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे, दोन संच आहेत, आणि वाय-फाय चालू असताना दुसरा संच वापरता येत नाही, कारण तो वाय-फायलाच लागतो. पहिले तीन सेन्सर जीपीआयओ २५, २६ आणि २७ या क्रमांकांच्या पिनांवर जोडलेले होते. या तिन्ही पिना दुसऱ्या संचातल्या आहेत. चौथा आणि पाचवा सेन्सर ३२ आणि ३३ वर, म्हणजे पहिल्या संचात होता, म्हणून तो वाचला. प्रकल्प सादर झाला तेव्हा आकडे संगणकाच्या पडद्यावर केबलने दाखवले गेले होते आणि वाय-फायची जोड नंतर बागेत झाली, असे आज त्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितले. त्यामुळे हा दोष परीक्षकांच्याच काय, त्याच्याही नजरेला कधी पडला नसणार.

म्हणजे बागेतल्या पाचपैकी तीन सेन्सरच्या दोन वर्षांच्या नोंदी टाकून द्याव्या लागतील. हे लिहिताना वाईट वाटते, कारण त्या नोंदी पाहून दादाने पाणी दिलेले आहे.

१७ मार्च

पाचही सेन्सर आता जीपीआयओ ३२, ३३, ३४, ३५ आणि ३६ वर आहेत. यांतल्या ३४, ३५ आणि ३६ या पिना फक्त आत घेणाऱ्या आहेत, त्यांतून काही बाहेर पाठवता येत नाही आणि त्यांना अंतर्गत पुल-अपही (पीन एरवी वरच्या दाबाला धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. ओलावा-सेन्सरला त्याने फरक पडत नाही, पण डीएस१८बी२० एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी बोलतो, म्हणून तो त्यांवर चालणारच नाही. त्याला जीपीआयओ ४ दिली. ही पीनही दुसऱ्या संचातली आहे, पण तापमानाचा सेन्सर डिजिटल असल्यामुळे एडीसीचा प्रश्न तिथे येत नाही. हे वाक्य कोडमध्येही लिहायचे आहे, नाहीतर पुढे कोणीतरी चूक समजून ती पीन ‘दुरुस्त’ करील.

ईएसपी३२चा एडीसी १२ बिटांचा आहे, म्हणजे आकडे ० ते ४०९५ पर्यंत येतात. मात्र तो दोन्ही टोकांना सरळ रेषेत चालत नाही, आणि सर्वांत मोठ्या म्हणजे ११ डेसिबलच्या मर्यादेवर साधारण १५० ते २४५० मिलिव्होल्ट एवढ्याच टप्प्यात त्याच्यावर भरवसा ठेवावा असे उत्पादकाचेच सांगणे आहे. आमचे सेन्सर हवेत २६०० च्या आसपास जातात. मातीत रोवलेला सेन्सर तेथवर सहसा पोहोचत नाही, त्यामुळे काम भागते, पण हवेतला आकडा हा मोजमापाचा पाया धरणे चूक आहे हे यावरून पक्के झाले. चिपमध्ये कारखान्यात भरलेल्या दुरुस्तीचा उपयोग करून थेट मिलिव्होल्ट देणारे फंक्शन आहे, आता तेच वापरतो. प्रत्येक पीन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवला. आधी एकाच जागी ठेवलेल्या सेन्सरचे लागोपाठचे आकडे ४० ते ५० मिलिव्होल्टनी हलत होते, आता ते ८ ते १० च्या आत राहतात.

२४ मार्च

पिना बदलूनही तिसरा सेन्सर चुकतो. पाण्यातून काढून पुसल्यावर त्याचा आकडा वर चढायला काही मिनिटे घेतो, बाकीचे काही क्षणांत चढतात.

हे सेन्सर स्वस्त आहेत आणि एकाच खोक्यातले दोन नग वेगळे निघू शकतात, म्हणून आज पाचही भिंगाखाली धरले. चार नगांवर टीएलसी५५५ ही टायमर चिप आहे, पाचव्यावर एनई५५५. दुसऱ्या प्रकारच्या टायमरला किमान ४.५ व्होल्ट लागतात, आणि सेन्सरवरचा रेग्युलेटर त्याला ३.३ च देतो, त्यामुळे तो नग चालला तरी कधी बिघडेल याचा नेम नाही. तो बाजूला काढला. तिसऱ्याचा दोष वेगळा होता. या सेन्सरच्या शेवटच्या टप्प्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, साठलेला भार त्यातून ग्राउंडकडे निघून जातो. काही नगांत त्या रेझिस्टरचे एक टोक ग्राउंडला जोडलेलेच नसते. वीज न देता मल्टिमीटर सेन्सरच्या आउटपुट आणि ग्राउंड यांच्यावर लावला की चांगला नग सुमारे १ मेगाओहम दाखवतो. तिसऱ्याने काहीच दाखवले नाही.

त्याला बारीक तारेने डाग देऊन जोडला आणि तो इतरांसारखा वागू लागला. नवीन सेन्सर आला की आधी टायमरवरचे नाव वाचायचे, मग मल्टिमीटर लावायचा, आणि त्यानंतरच तो मातीत जाईल. हा नियम आखाड्यावरच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला.

९ एप्रिल, पाडवा

सेन्सरची इलेक्ट्रॉनिक बाजू आणि पट्टीच्या कापलेल्या कडा नेलपॉलिशचे तीन थर देऊन बंद केल्या, वरून तापवल्यावर आवळली जाणारी हीट-श्रिंक नळी चढवली. कडांमधून पाणी आत शिरून पट्टी फुगते, म्हणून कडा महत्त्वाच्या. प्रत्येक सेन्सरवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकला. आजपर्यंत ‘पहिला सेन्सर’ म्हणजे पहिल्या पिनेवरचा की पहिल्या झाडाखालचा, हेच ठरलेले नव्हते. यापुढे क्रमांक सेन्सरचा, झाडाचा क्रमांक वेगळा.

१७ एप्रिल

आमच्या मातीत किती मिलिव्होल्टला किती ओलावा असतो, हे मातीलाच विचारले पाहिजे. बाजारातल्या सेन्सरच्या कागदावरचा तक्ता कुठल्या मातीचा आहे कोण जाणे, आणि आमची माती तर स्मेक्टाइट प्रकारच्या चिकणमातीने भरलेली, ओल धरली की फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी.

पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. १०० घन सेंटिमीटर आकाराचा पोलादी सिलिंडर सेन्सरच्या शेजारी, ३० सेंटिमीटर खोलीवर मातीत ठोकून नमुना घ्यायचा, झाकण लावून लगेच वजन करायचे, मग १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा वजन करायचे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. नमुना घेताना त्या क्षणी सेन्सर किती मिलिव्होल्ट दाखवतो ते लिहायचे. सिव्हिल विभागाच्या प्रयोगशाळेतला ओव्हन वापरू दिला, त्याबद्दल सहकाऱ्यांचा मी ऋणी आहे. २४ तासांनंतर आणखी चार तास ठेवून पुन्हा वजन केले, कारण काळी माती पाणी सहज सोडत नाही. वजनात फरक पडला नाही तेव्हाच आकडा धरला.

सेन्सर क्रमांक २ साठी तीन नमुने झाले. ठिबक बंद केल्याच्या दुसऱ्या सकाळचा नमुना ओला १६८ ग्रॅम, वाळलेला १२८ ग्रॅम, म्हणजे १०० घन सेंटिमीटर मातीत ४० ग्रॅम पाणी आणि आकारमानाने ४० टक्के ओलावा, आणि तेव्हा सेन्सरवर १४८० मिलिव्होल्ट. पाच दिवसांनंतरचा १५७ आणि १२६ ग्रॅम, म्हणजे ३१ टक्के, सेन्सर १७३०. एका झाडाचे पाणी मुद्दाम लांबवून घेतलेला तिसरा १४९ आणि १२७ ग्रॅम, म्हणजे २२ टक्के, सेन्सर २०५०. ओलावा ९ टक्क्यांनी घटला तेव्हा पहिल्या टप्प्यात आकडा २५० ने चढला आणि दुसऱ्यात ३२० ने, याचा अर्थ दोन टोके धरून मध्ये सरळ रेषा ओढणारे जुने सूत्र आमच्या मातीला लागू नाही. आता तीन बिंदू कोडमध्ये ठेवून दोन-दोन बिंदूंमधले अंतर वेगवेगळे काढतो.

एक सावधगिरी येथे नोंदवतो. ही माती वाळताना आक्रसते, त्यामुळे ओव्हनमधून काढलेल्या ढेकळाचे आकारमान मोजून हिशेब केला तर उत्तर फुगते. आकारमान सिलिंडरचे, म्हणजे शेतात होते तेच धरायचे.

२८ एप्रिल

या आठवड्यातली नोंद लांब होणार आहे, कारण हा दोष यंत्राचा नाही, जमिनीचा आहे, आणि मला तो सुचला नव्हता.

२५ एप्रिलला दुपारी १२ पर्यंत सेन्सर क्रमांक ४ वर १७२० च्या आसपास आकडा होता. संध्याकाळी ६ पर्यंत तो २१५० वर गेला. पाणी देऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि बाकीच्या तिन्हींवर तेवढ्या वेळात २० मिलिव्होल्टचाही फरक नव्हता. मी आधी जोडणी तपासली, मग बॅटरीचा दाब मोजला, मग सेन्सर बदलून पाहण्यासाठी दुसरा आणायला निघालो. आमच्याकडे गेली २२ वर्षे सालगडी असलेले मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “बापू, भेग पडलीय तिथं. पट्टी वाऱ्यावर लटकलीय तुमची, ओल तिला कशी कळंल?”

उकरून पाहिले तर तसेच होते. सेन्सरच्या सपाट बाजूला लागूनच जमीन फाटली होती, आणि दोन ते तीन मिलिमीटरची फट पट्टीच्या पूर्ण लांबीभर खाली गेली होती. हा सेन्सर स्वतःच्या आसपासच्या पदार्थाचा विद्युत-गुणधर्म मोजतो. हवेचा हा गुणांक १ च्या जवळ, कोरड्या खनिज मातीचा साधारण ३ ते ५, आणि पाण्याचा ८० च्या आसपास असतो. पाण्याचा एवढा मोठा असतो म्हणून तर ओलावा मोजता येतो. पट्टीला चिकटलेला थर सर्वांत जास्त मोजला जातो, त्यामुळे तिथे हवेची पातळ फट आली की मागची माती कितीही ओली असली तरी आकडा ‘कोरडे’ असाच निघतो. आणि जमीन फाटते ती नेमकी अशी ताठ, सपाट वस्तू मातीत रोवलेली असते तिथे, कारण आक्रसणारी माती त्या वस्तूपासून सुटते. आपण मोजायला जे रोवले त्यानेच भेगेला जागा करून दिली.

मामांनी ज्या एका वाक्यात हे सांगितले, ते माझ्या डोक्यात यायला मला मल्टिमीटर, केबल आणि अर्धा दिवस लागला असता. त्यांचे वाक्य मी तारखेसह वहीत लिहिले आहे आणि कोडमध्येही घेणार आहे.

उपाय तीन केले. पहिला, सेन्सर उभा न रोवता ४५ अंशांत तिरपा रोवला, म्हणजे वरची माती स्वतःच्या वजनाने पट्टीवर बसते. त्यासाठी त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून राबडी केली, ती भोकात ओतली आणि मग सेन्सर आत सरकवला. दुसरा, ड्रिपरपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे दर पाण्याला नक्की भिजेल अशा जागी सेन्सर घेतला आणि भोवती सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटे जाड थर दिला. वरचा थर सावलीत राहिला की भेगा कमी पडतात, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. तिसरा उपाय कोडमधला. एका तासात आकडा १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त चढला तर तो आकडा टाकून न देता त्यापुढे ‘भेग-शंका’ अशी खूण लावायची, आणि त्या सेन्सरवरून पाणी द्यायचा निर्णय करायचा नाही. माती खरोखर एवढ्या वेगाने वाळत नाही. आकडा पुसून टाकणे मला पटत नाही, कारण पुढे कोणाला भेगांचाच अभ्यास करायचा असेल तर हेच आकडे लागतील.

५ मे

दुपारच्या उन्हात चारही सेन्सरचे आकडे थोडे हलतात आणि रात्री परत येतात. माती तापते तसा सेन्सरही तापतो. तापमानाची दुरुस्ती बसवण्याऐवजी निर्णयासाठी फक्त पहाटे ५ चा आकडा धरायचा, असे दादाशी बोलून ठरवले. पाणी द्यायचे की नाही हे तो तसेही सकाळीच ठरवतो.

१२ मे

तापमानाच्या नोंदींकडे इतके दिवस मी लक्ष दिले नव्हते, कारण त्या शांत होत्या. आज त्या शांततेचीच शंका आली. जानेवारीच्या थंडीत पहाटे ५ वाजता ३१.० आणि मेच्या भर दुपारीही ३१.०. क्वचित मध्येच १५.२, आणि दोनदा उणे ०.६.

कोडमध्ये तापमान दहा वेळा घेऊन सरासरी काढली आहे. त्या फेरीत एक ओळ आहे: तापमान ८० पेक्षा जास्त आले तर त्याजागी ३१ धरावे. टिप्पणी अर्थातच नाही. पण ८० पेक्षा जास्त का येत असेल याचा विचार केला की सगळे उलगडते. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्याबरोबर त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो, आणि १२ बिटांच्या अचूकतेने खरे तापमान तयार व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात. बॅटरी वाचवण्यासाठी बोर्ड अर्धा तास झोपतो आणि त्या काळात सेन्सरची वीज तोडलेली असते. जागे झाल्यावर कोड थांबत नाही, लगेच दहा वेळा आकडा मागतो, आणि दहाही वेळा ८५ मिळतो. तो ३१ ने बदलला जातो. म्हणजे दोन वर्षे आमच्या मातीचे तापमान एकदाही मोजले गेलेले नाही.

मग १५.२ कोठून आले? तापमानाचा सेन्सर वाचायला कोडमध्ये जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली आहे, ती सेन्सरशी संपर्क तुटला की उणे १२७ हा आकडा देते. नऊ वेळा ३१ म्हणजे २७९, त्यातून १२७ वजा केले की १५२, आणि दहाने भागले की १५.२. आठ वेळा ३१ आणि दोन वेळा उणे १२७ असेल तर उत्तर उणे ०.६. कागदावर ही दोन गणिते बरोबर जुळली तेव्हा मी सरळ उठून बागेत गेलो आणि जोडपट्टीवरचा डेटा तारेचा स्क्रू हाताने फिरवून पाहिला. तो सैल होता. सेन्सरपासून बोर्डापर्यंत ९ मीटर केबल आहे आणि ट्रॅक्टर गेला की ती हलते.

दुरुस्ती अशी झाली. ७५० मिलिसेकंद थांबायचे. दिवसातल्या ४८ जागरणांत मिळून हे ३६ सेकंद होतात, तेवढी बॅटरी द्यायला हरकत नाही. ८५ आणि उणे १२७ हे दोन्ही आकडे तापमान म्हणून कधीच धरायचे नाहीत, त्यांची दोषसंख्या वेगवेगळी मोजायची, कारण पहिला घाईचा दोष आहे आणि दुसरा तारेचा. उरलेल्या आकड्यांची सरासरी न घेता त्यांना क्रमाने लावून मधला घ्यायचा. एक वेडा आकडा सरासरीला ओढून नेतो, मधल्याला सहसा हलवू शकत नाही. ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर मोजला, तो ठीक आहे. जोडपट्टी काढून तारांना डाग दिले.

आज दुपारी ३ वाजता १५ सेंटिमीटर खोलीवर ३३.९ अंश आले. या बागेतल्या मातीच्या तापमानाची ही पहिली खरी नोंद आहे.

१९ मे

कोडचे लिखाण पूर्ण केले. ३१ हा आकडा ज्याने लिहिला त्याने तो विचार करूनच लिहिला असेल: प्रकल्प दुसऱ्या दिवशी दाखवायचा असेल, पडद्यावर ८५ दिसत असेल, आणि तूर्त काहीतरी बरा आकडा हवा असेल. त्या ओळीशेजारी ‘हे तात्पुरते आहे, ८५ का येते ते पाहायचे राहिले’ एवढे जरी लिहिले असते, तरी पुढच्या माणसाने पहिल्याच दिवशी ते पाहिले असते. म्हणून मी टिप्पण्यांमध्ये ओळ काय करते ते लिहिलेले नाही, ते ओळच सांगते. ती तशी का आहे ते लिहिले आहे.

टिप्पण्या मराठीत आहेत. बोर्डाचा कोड ज्यात लिहितो त्या आर्डुइनोच्या संपादकाला टिप्पणीतली देवनागरी चालते. व्हेरिएबलची नावे मात्र इंग्रजीतच ठेवली, कारण लायब्ररींशी ती जुळवून वाचावी लागतात. माझी पुतणी अकरावीला विज्ञान शाखेत आहे आणि पुढे ही यंत्रणा तिनेच सांभाळायची आहे. तिने कारण शोधताना भाषेशी झगडू नये.

फाइलच्या डोक्यावर बोर्डाचा प्रकार, आर्डुइनोच्या ईएसपी३२ पॅकेजची आवृत्ती २.०.१४, लायब्ररींच्या आवृत्त्या, आणि कोणती पीन कशाला व का, हे आहे. त्यानंतर प्रत्येक सेन्सरचा स्वतंत्र परिच्छेद. क्रमांक २ चा असा आहे: “सेन्सर २. झाड क्रमांक ११७, ड्रिपरपासून ३० सेंमी, खोली ३० सेंमी, तिरपा. आकडे मिलिव्होल्टमध्ये. १४८० म्हणजे ४० टक्के, १७३० म्हणजे ३१ टक्के, २०५० म्हणजे कोरडी माती, २२ टक्के. १०० घन सेंमी सिलिंडर, १०५ अंश, २४ तास. नमुने एप्रिल २०२४. सेन्सर बदलला तर हे आकडे रद्द समजावेत व नवे नमुने घ्यावेत.” भेग-शंकेच्या ओळीवर मामांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत आहे, आणि १५० ही मर्यादा आमच्या नोंदी पाहून ठरवली आहे, दुसऱ्या जमिनीत ती बदलावी लागेल, असे खाली लिहिले आहे.

२६ मे

पुतणीला एकटीने सेन्सर क्रमांक ५ बदलायला सांगितला आणि मी मुद्दाम लांब बसलो. बाजूला काढलेल्या एनई५५५च्या नगाऐवजी आणलेला नवा नग होता तो. टायमरचे नाव वाचणे, मल्टिमीटर लावणे, कडा बंद करणे, राबडी करून तिरपा रोवणे हे तिने लिखाण वाचून बिनचूक केले. दोन ठिकाणी अडली. बोर्डावर ‘३६’ असे कोठे छापलेलेच नाही, त्या पिनेशेजारी ‘व्हीपी’ अशी अक्षरे आहेत. ते मला सवयीने माहीत होते म्हणून लिहायचे राहिले. दुसरी अडचण तिने अशी विचारली: “काका, इथं कोरडी माती लिहिलंय, ती ओव्हनमधली का झाडाला पाणी लागंल इतकी?”

प्रश्न रास्त होता. ओव्हनमधल्या मातीत ० टक्के, आणि मी ज्याला कोरडे म्हणत होतो त्यात २२ टक्के. ‘कोरडे’ हा शब्द फाइलमधून सगळीकडून काढला आणि त्याजागी ‘पाणी देण्याची वेळ, २२ टक्के’ असे लिहिले. पिनेपुढे बोर्डावरची अक्षरेही लिहिली.

११ जून

काल रात्री आमच्या शेतात पहिला चांगला पाऊस झाला. पाचही सेन्सर उतरले. क्रमांक ४ सर्वांच्या आधी आणि फार वेगाने उतरला, २०० मिलिव्होल्ट अर्ध्या तासात. बाकीच्यांना तेवढे उतरायला दीड ते दोन तास लागले. त्या झाडापाशी अजून एक जुनी भेग उघडी आहे, पाणी तिच्यातून थेट खाली गेले असावे. तसे असेल तर क्रमांक ४ मुळांभोवतीची ओल दाखवत नसून भेगेतले पाणी दाखवत आहे, आणि माझी भेग-शंकेची खूण फक्त चढणारा आकडा तपासते, उतरणारा नाही. कोडमध्ये तूर्त एवढीच टिप्पणी घातली आहे: “पावसात उलट दिशेनेही फसू शकते. ११ जून २०२४. तपासायचे आहे.” मर्यादा आज अंदाजाने लिहिणार नाही.

दादाने ठिबक बंद केले आहे. चार दिवसांत वापसा आला की क्रमांक ४ च्या भेगेजवळून, भेगेपासून एक वीत आणि दोन वीत अंतरावरून असे तीन नमुने घ्यायचे आहेत. सिलिंडर, झाकणे आणि वजनकाटा पुतणीने आखाड्यावर नेऊन ठेवला आहे.